एकतिसाव्या भागातले बूट

प्रिय दादा,

फोन केला असता तर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणाला असतास, म्हणून लिहिते. बाबा बरे आहेत, हे आधीच सांगून टाकते. डोळ्यांचं मात्र आता काही होण्यासारखं नाही. समोरचा माणूस दिसत नाही, कडेचा दिसतो. मी निम्मं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काढलं, पण यावर माझ्याकडेही काच नाही.

कुणीतरी ती जुनी मालिका इंटरनेटवर टाकली आहे, चाळीसच्या चाळीस भाग. संध्याकाळी दुकानातून आले की खालच्या प्रतिक्रिया मी बाबांना वाचून दाखवते. बहुतेक लोक गहिवरलेले असतात. रविवारी सकाळी रस्ते कसे ओस पडायचे, आपण पलंगावरून उड्या मारून कसे हात मोडून घेतले, तसा हिरो पुन्हा होणे नाही. हे ऐकताना बाबा खुशाल नखं कापत बसतात. उरलेले लोक खवचट. ‘पुलावरून उडी मारताना केस कुरळे, पाण्यातून वर येताना सरळ. वाटेत न्हावी भेटला काय?’ हे ऐकलं की बाबा मांडीवर थाप मारून हसतात. मला आधी कळेना. मग लक्षात आलं की कौतुक सगळं हिरोचं आहे, चुका तेवढ्या बाबांच्या. उडी हिरोच्या डुप्लिकेटने, म्हणजे बाबांनी मारली होती. त्या चाळीस भागांत त्यांना कुणी पाहिलं असेल, तर या खवचट माणसांनीच.

त्यांतला एक जण वेगळा आहे. नाव नाही, फोटो नाही. आठवड्याला एक भाग बघतो आणि खाली एकदोन ओळी खरडतो. ‘भाग चार, गच्चीवरून उडी. हिरोचे बूट चेनचे, उडी मारणाऱ्याचे नाडीचे. डाव्या पायाला दुहेरी गाठ, पक्की.’ ‘भाग अकरा, चालत्या ट्रकवरून. गाठ पक्की.’ लोक त्याची टर उडवतात, ‘काका, मारामारी बघा की, पायताणं काय बघताय!’ बाबांनी त्याचं नाव ‘गाठवाला’ ठेवलंय. मी पर्स खाली ठेवायच्या आत विचारतात, ‘आज आपला गाठवाला काय म्हणतो?’

मी तुला तिसऱ्याच ओळीला ओळखलं, दादा. दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचायची, हे आपल्या घरात एकालाच जमायचं. शाळेचा गणवेश घालून तू दारात उकिडवा बसायचास आणि बाबांचा पाय तुझ्या गुडघ्यावर असायचा. आई डबा भरता भरता बजावायची, ‘उडी स्वतःच्या बुटात मारायची. दुसऱ्याचे घातलेत, तर त्या दिवसापासून हे काम बंद.’ तिची अट तेवढी एकच होती.

आणि मग दवाखान्यातली ती संध्याकाळ. बाबांचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. आईने विचारलं, कसं झालं? बाबा म्हणाले, ‘विचार तुझ्या लाडक्याला. नाडी सुटली.’ तू दप्तर पाठीला लावून दाराशी उभा होतास. मी नऊ वर्षांची होते, पण तुझं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे. उरलेले नऊ भाग दुसऱ्याच कुणीतरी केले, बाबांना कायमची काठी लागली, आई गेली, तू लांबची नोकरी धरलीस. पायात नाडीचे बूट मात्र तू त्यानंतर कधीच घातले नाहीस. कुणी बोललं नाही म्हणून कुणाला दिसलं नाही, असं समजू नकोस.

गाठवाला तिसाव्या भागाशी थांबला, त्याला पाच आठवडे झाले. गेल्या मंगळवारीही मी ‘नाही, काही लिहिलं नाही’ म्हटलं, तेव्हा बाबांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, ‘तो पुढचा बघायचा नाही. त्याला भीती वाटते, गाठ सुटलेली दिसेल.’ म्हणजे त्यांनीही तुला कधीच ओळखलं होतं. मग म्हणाले, ‘एकतिसावा लाव. सतराव्या मिनिटाला थांबव आणि पाय बघ.’

हे पत्र त्यासाठी आहे. बाबा पडले त्या दिवशी सेटवर कुठल्याशा प्रेक्षकाचं पत्र आलं होतं, तुमच्या हिरोचे बूट हवेत बदलतात कसे? दिग्दर्शक चिडला. बाबांनी तुझी गाठ स्वतःच्या हाताने सोडली आणि हिरोचे बूट चढवले, एक नंबर मोठे. पाय आतल्या आत सरकला. आईला हे सांगण्यापेक्षा तुझ्यावर ढकलणं सोपं गेलं. हे शब्द त्यांचेच. मी त्यांची बाजू घेत नाहीये, मंगळवारपासून मीही त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. पण ते म्हणाले, माझ्या तोंडून त्याला खरं वाटणार नाही, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. पडण्याच्या आधीपर्यंतचं सगळं मालिकेत तसंच ठेवलंय. बाबा कठड्यावर चढतात, पाय अगदी जवळून दिसतात. बुटांना चेन आहे, दादा. नाडीच नाही. तू बघ, आणि खाली नेहमीसारखी एखादी ओळ लिही. कशीही लिही, मी एक शब्द न गाळता त्यांना वाचून दाखवीन.

तुझीच,
शेंडेफळ