मला पाण्यात उतरायचं नाही

रविवार, ३ मे

ह्यांना घसरगुंडीवरून यायचं आहे! वय वर्षे एकाहत्तर. आणि साधीसुधी नव्हे — वॉटर पार्कमधली सर्वांत उंच, बंद नळीची, चार मजली. वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं, तर नवी चप्पल म्हणतील असं वाटलं होतं. चाळीस वर्षं कचेरीत बसून नकाशे काढलेला माणूस. कधी जिन्याचा कठडा सोडला नाही!

मुलगा म्हणाला, "बाबा, वरून बसाल आणि खालून नुसती कवळी येईल." सगळे हसले. हेही हसले, पण म्हणणं सोडलं नाही. तेव्हा ठरलं — रविवार, सतरा मे, सातही जण. आम्ही दोघं, मुलगा-सूनबाई, आणि लेकीकडचे तिघं: लेक, जावई आणि नात बटण. (बटण सात वर्षांची. जन्मली तेव्हा बटणाएवढी होती.)

जायचं तर शिस्तीत जायचं. पार्कची नियमावली मागवून जेवणानंतर मोठ्याने वाचली. सुती कपडे घालून पाण्यात उतरता येणार नाही. बायकांना नायलॉनचा पोशाख. पुरुषांना फक्त चड्डी — बनियन, सदरा काही चालणार नाही. हृदयविकार, फिट्स, गरोदरपण असेल तर आधी कळवावे.

मग माझी जुनी पद्धत. बाटल्यांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते, तेव्हा दाराशी एक पेटी असायची. कामगाराने धोका दिसला की चिठ्ठी टाकायची. नाव नाही, सही नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून शिरोरेघ न देता लिहायचं. आणि कोणी लिहिलं ते शोधायचं नाही — हा माझा शब्द होता, तो मी कधी मोडला नाही. त्या पेटीमुळे किती बोटं वाचली ते मलाच ठाऊक.

बिस्किटांच्या डब्याला फट पाडली. सहलीत कशाची भीती वाटते, एकेकाने लिहा. सगळे परीक्षेला बसल्यासारखे हात आडवे धरून लिहीत होते. लेक म्हणाली, "आई, तू निवृत्त झालीस हे तुला कोणी कळवलंय का?" तिला बोलायचा हक्क आहे. बांधकामावर इंजिनिअर आहे, चाळीस माणसं हाताखाली. माझ्यावर गेली आहे.

संध्याकाळ — लेकीकडचे गेल्यावर डबा उघडला. सात चिठ्ठ्या.
"दात पाण्यात पडतील." (निनावी म्हणे!)
"रांगेत दोन तास जातील."
"आजी शिट्टी आणेल."
"पाय घसरून हाड मोडेल."
"पाणी स्वच्छ नसलं तर?"
माझी स्वतःची — "बटण खोल पाण्यात जाईल."

आणि सातवी. "मला पाण्यात उतरायचं नाही. अंगावरचे वळ दिसतील."

तीनदा वाचली. चष्मा पुसून वाचली.

सोमवार, ४ मे

वळ! माझ्या घरात!

ह्यांना दाखवली. मी म्हटलं, कोणी थट्टा केली असेल. हे म्हणाले, "पेटीत कोणी थट्टा लिहीत नाही. तूच म्हणायचीस." आणि गॅलरीत निघून गेले.

बटण नव्हे. काल तिला मीच अंघोळ घातली, अंगावर डास चावल्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे दोघीच राहिल्या. लेक, नाहीतर सूनबाई.

लेक असेल तर जावई मारतो. सूनबाई असेल तर माझा मुलगा.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं आहे. मनात पहिल्यांदा आलं ते हे — जावई असू दे. देवा, जावईच असू दे. म्हणजे लेकीच्या अंगावर वळ असले तरी चालतील, पण माझा मुलगा तसा निघायला नको! कुठली आई असा विचार करते?

मंगळवार, ५ मे

शब्द मोडला. शोधायचं नाही म्हणाले होते, शोधलं.

सूनबाई दातांच्या दवाखान्यातून आली. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस! स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सरळ म्हटलं, "बाही वर कर."

"काय?"

"बाही. वर कर."

केली. कोपराच्या आतल्या बाजूला हिरवा-निळा डाग! मी म्हटलं, "त्याला आज घराबाहेर काढते. माझा मुलगा असला तरी."

तिला समजायला वेळ लागला. मग ती ओट्याला धरून हसत सुटली. "आई, शनिवारी रक्त दिलं मी! तो मला मारेल? अहो, झुरळ मारायला तो मला हाक मारतो!" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. म्हणाली, "सहा वर्षं एका घरात राहतोय आपण. विचारायचं होतं ना. तुम्ही तपासलंत."

जेवणात माझ्याशी बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

पण मुलगा सुटला! छातीवरचा दगड उतरला. आणि लगेच दुसरा बसला.

गुरुवार, ७ मे

लेकीच्या साइटवर गेले. घरी जावई असतात, तिथे ती बोलणार नाही.

पाचव्या मजल्यावर उभी होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट. एक गवंडी काहीतरी समजावत होता. ती म्हणाली, "कारण नको, काम दाखव." मला बघून आधी दुसरं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं, मग विचारलं, "कोण गेलं?"

मी चिठ्ठीचं सांगितलं. तिने स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा आवळला. मग मोठ्याने हसली. "मला? मला कोण हात लावणार! लावून दाखवावा." तिथेच दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या, गुडघ्यापर्यंत पँट वर केली. "झालं समाधान? तुझ्या सूनबाईंना नीट विचार. चुकीच्या मजल्यावर आलीस."

उतरताना पाय हलके झाले होते. गवंड्याने हात देऊ केला, तो घेतला नाही.

शुक्रवार, ८ मे

मग कोण? लेक नाही, सूनबाई नाही, बटण नाही. चिठ्ठी काही आकाशातून पडली नाही.

दोघींपैकी एक खोटं बोलते आहे. बोलू दे. मला मार्ग सापडला आहे — दुकानात बायकांचे पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोशाख मिळतात. तिघींसाठी आणले. म्हणजे जिचे वळ असतील ती झाकली जाईल, सहलीला येईल, आणि सहलीत केव्हातरी मी तिला एकटीला गाठेन. कारखान्यात असंच करायचे. आधी माणसाला मशीनपासून दूर घ्यायचं, चौकशी मग.

रविवार, १० मे

सगळे जेवायला. पोशाख वाटले. बटण अंगात चढवूनच जेवायला बसली, बेडकासारखी दिसत होती. मुलगा म्हणाला, "आई, आम्हालाही बेडूक करायचंस!" मी म्हटलं, पुरुषांना नियमात नाही. लेक जावयांना म्हणाली, "आमटी सांडू नका आज." ते म्हणाले, "नाही, नाही." आणि वाटी दोन्ही हातांनी धरली. जावई चष्म्यांच्या दुकानात भिंगं घासतात, केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळतो. आमटीची वाटी मात्र दोन्ही हातांनी!

तेव्हा मला काही वाटलं नाही. आता लिहिताना वाटतं आहे.

डबा पुन्हा फिरवला. लेकीकडचे गेल्यावर उघडला. सहा चिठ्ठ्यांवर "काही नाही", "मजा येईल", एकीवर बेडकाचं चित्र.

सातवी — "पूर्ण बाह्या फक्त बायकांच्या कपड्यांना आहेत."

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर.

पहिली चिठ्ठी काढली. "मला पाण्यात उतरायचं नाही." उतरलो नाही, उतरले नाही — मला उतरायचं नाही. पुरुष की बाई, वाक्य सांगतच नाही! ते मी सांगितलं. वळ म्हटल्यावर बाईच असणार, हे वाक्यात नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. सव्वीस वर्षं चिठ्ठ्या वाचल्या, आणि हे वाचता आलं नाही!

मुलगा काल उघड्या अंगाने गच्चीवरची टाकी धूत होता. अंगावर ओरखडा नाही. ह्यांचं अंग तर रोज बघते.

मग राहिले जावई. आणि जावयांच्या घरात मोठं माणूस दुसरं एकच आहे.

सोमवार, ११ मे

चष्म्यांच्या दुकानात गेले. जावई मशीनवर होते. म्हणाले, "नंबर बदलला का, आई?" मी म्हटलं, मशीन बंद करा. त्यांनी केलं. बहुधा माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. मागच्या खोलीत घेऊन गेले, पडदा ओढला आणि सदऱ्याची वरची तीन बटणं काढली.

काय दिसलं ते लिहीत नाही. सव्वीस वर्षं अपघात बघितले. अपघात असा ओळीने होत नाही.

"कशाने?"

"कधी फूटपट्टी. कधी हाताला येईल ते."

"कधीपासून?"

"बटण रांगायला लागली तेव्हापासून."

"आणि तुम्ही गप्प?"

"सांगितलं होतं एका मित्राला. म्हणाला, बायकोचा मार खातोस? आता भेटला की टाळी मागतो." मग सदऱ्याची बटणं लावत, "तुम्हाला चिठ्ठी लिहिली, तर तुम्ही सूनबाईंची बाही तपासलीत."

खरं होतं ते.

विचारलं, बटणाला माहीत आहे? म्हणाले, "तिला वाटतं बाबा धडपडे आहेत. कुठेही आपटतात. ती मला जिना हात धरून उतरवते."

संध्याकाळी बटणाला आणि त्यांना इथे आणलं. दोन पिशव्या. सूनबाईने न विचारता आतली खोली रिकामी केली. मुलगा आधी "काय? ताईने?" म्हणून हसला, मग त्यांच्या मानेवर वळाची कडा दिसली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. ह्यांनी कपाट उघडलं. जावयांना आपला स्वच्छ सदरा दिला आणि स्वतः चहा टाकला.

मंगळवार, १२ मे

लेक आली. कामावर जाताना. चप्पल न काढता दारातच.

"माझा नवरा आणि माझी मुलगी पाठव."

"बटणाला तू भेटू शकतेस. इथे. माझ्यासमोर. त्यांना नाही."

"तू माझी आई आहेस की त्याची?"

मी म्हटलं, "त्यांच्यावर हात उचललास?"

मला वाटलं होतं, नाही म्हणेल. रडेल. निदान नजर खाली जाईल! तसलं काही नाही. हिशेब समजावल्यासारखी म्हणाली, "चूक केली की उचलते. गॅस चालू ठेवून जातो. बटणाचं औषध विसरला. दहादा सांगितलं, ऐकलं नाही. साइटवर कोणी असं केलं तर माणूस मरतो, आई. तुला तर कळायला हवं."

"नवऱ्यावर हात उचलतात?"

यावर मात्र तिचा चेहरा बदलला. राग नव्हे. खरोखरच काही न समजल्यासारखा.

"हे तू विचारतेस?"

"मी नाही तर कोण विचारणार?"

"बाबांना विचार," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ह्यांना काय विचारायचं? संसारात कधी आवाज चढतो. मी नोकरी करणारी, घरी यायचे तेव्हा डोकं फिरलेलं असायचं. एखाद्या वेळी वैतागून काही झालं असेल. कोणाच्या घरात होत नाही? एवढ्या-तेवढ्यावरून ती माझ्याशी बरोबरी करते!

पार्कला फोन करून रविवारचं रद्द केलं. कारण विचारलं. प्रकृती, म्हटलं.

बुधवार, १३ मे

ह्यांना विचारलं. म्हटलं, "एकदाच ना?"

हे चष्मा पुसत होते.

"मोजलं नाही कधी. तुझा हात थांबला कधी, ते मात्र आठवतं. पोर दारात येऊन उभी होती. रडली नाही, काही नाही. तिने तुला विचारलं, बाबांनी काय चूक केली? आणि तू तिला नीट जवळ बसवून माझी चूक समजावून सांगितलीस."