घरी सोडलेली माणसं

प्रिय ताई,

आधी तू विचारलेलं. रिपोर्टांची फाइल मिळाली. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा सुरू झाला. नुसता कंडेन्सर गेला होता, मिस्त्री अख्खी मोटार बदलायला निघाला होता. भाऊजींना म्हणावं, उतरायचं ते आमच्याकडेच.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये मला बावीस वर्षं झाली. मी बारावी नापास, हे तू चारचौघांत सांगतेसच. पण हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनात कुणाच्या जिवाला किती धोका, हे सांगणारं मॉडेल इथे मी बनवलं, पुस्तकं आणून, कुणाला न विचारता. सहाशे बारा जुन्या फायली, प्रत्येकीतून वय, मूत्रपिंडाचा रिपोर्ट, दम कितपत लागतो, असे अकरा रकाने. आधीच्यांचं काय झालं, त्यावरून नव्याचा अंदाज. मोठे सर्जनही पेशंटला माझाच आकडा सांगतात. तुझा आला होता शंभरात पाच. गोळ्यांवरच राहते म्हणणारी तू त्या पाचावर तयार झालीस.

मध्यंतरी एक म्हातारे शिंपी बायकोच्या कागदांची प्रत मागायला आले. घरी गेल्यावर आठव्या दिवशी ती गेली, म्हणाले. मी माझा तक्ता उघडला. तिच्या नावापुढे ‘जिवंत’ होतं. चष्मा वर करून त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, “तुमच्याकडे आहे होय ती अजून? बरं आहे.” टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

चूक अशी. शेवटच्या रकान्यात मी फायलीवरचा शेरा उतरवला होता, ‘घरी सोडले’. घरी सोडले म्हणजे जगले, असं धरून चाललो. ऑपरेशननंतर तीस दिवस मोजावेत, हे पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ माझीच. मग तो शेरा असलेल्या पाचशे सत्त्याऐंशी जणांच्या घरी फोन लावायला घेतले. चारशे नव्वद लागले. काहींनी फोन आपटला, एका सासूबाईंनी मेलेल्या सुनेची गाऱ्हाणी पाऊण तास ऐकवली. एकतीस माणसं महिन्याच्या आत गेली होती. सगळं पुन्हा मांडलं. तुझा आकडा शंभरात बारा येतो. तीनदा तपासला.

हे कळून नऊ दिवस झाले. रविवारी फोनवर तू म्हणालीस, “तू काढलायस म्हणजे चुकायचा नाही,” आणि मी विषय बदलला. माझा आकडा चुकतो, हे तुझ्यासमोर तोंडातून निघेना. म्हणून कागद घेतला. आज सकाळी सर्जनांना सगळं सांगून जुनं मॉडेल बंद केलं. तुला फोन करतो म्हणाले. मी म्हटलं, आकडा मी दिला होता, परत मीच घेतो. ऑपरेशन करावं, हे त्यांचं मत अजून कायम आहे. गोळ्यांवर किती वर्षं निघतील, ते मला सांगता येत नाही. माझ्याकडे फायली फक्त ऑपरेशन झालेल्यांच्या आहेत. पत्र उद्या पोचेल, भरती बुधवारी आहे. मधले चार दिवस तुझे. मी तुला भरीला घातलं होतं, ते मागे घेतो. नको वाटलं तर कुणाला सबब सांगत बसू नकोस, माझं नाव सांग.

चुकलेला, पण तुझाच,
धाकटा