महेश्वरीच्या नावानं सोडलेला गहू

१८ जून
नळदुर्गात उतरले आणि पहिल्याच दिवशी खोली मिळाली, तीही बसस्टँडपासून पाच मिनिटांवर. उद्यापासून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रुजू. परंड्याहून निघताना आईनं डब्यात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली होती, ती सोलापूर यायच्या आत फस्त. पोट शांत! आठ वर्षं या गव्हानं छळलं. एप्रिलमध्ये डॉक्टरांना एकदाचा रोग सापडला आणि गहू जन्मभर बंद झाला. दोन महिन्यांत चार किलो वाढले. आरशात स्वतःचेच गाल बघत बसते, दुसरा उद्योग नाही.

घरमालकीण इरम्मामावशी एकट्याच राहतात. बोलता बोलता मधेच कानडीत शिरतात आणि मी मान डोलावते. चहाबरोबर त्यांनी खारी पुढं केली, तेव्हा माझं गव्हाचं सगळं रामायण त्यांना ऐकवलं. त्या ऐकत होत्या, पण बघत होत्या भिंतीवरच्या फोटोकडं. त्यांची मुलगी, महेश्वरी. एकोणिसाव्या वर्षी गेली, त्याला सहा वर्षं झाली.

२५ जून, अमावस्या
मावशी दर अवसेला फोटोपुढं ताट ठेवतात. या घरची रीत अशी की माणूस गेलं की जवळच्यानं एक पदार्थ सोडायचा. तळहातावर पाणी घेऊन नाव घ्यायचं. मग तो पदार्थ आपला नाही, गेलेल्या माणसाचा. मावशींनी आंबा सोडलाय.

“पर आंबा दोन म्हैने मॅडम. बाकीचे धा म्हैने पोरीनं काय खायाचं?”

हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की मला भरून आलं. म्हटलं, माझा गहू तसाही बंदच आहे, घ्या तिच्या नावानं. मावशींनी हातावर पाणी घातलं, मी नाव घेतलं. पुण्य फुकटात. त्यांनी लगेच चपाती लाटून फोटोपुढं ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. हे मेलेल्याच्याच नावानं करायचं असतं, जित्याच्या कधीच नाही, असंही बजावलं. जित्याचं पान मेलेल्यांच्या पंगतीत मांडल्यासारखं होतं म्हणे.

९ जुलै
दूध सोसेना. चहा प्यायले की पोटात पीळ. डॉक्टर फोनवर म्हणाले, असं होतं कधी कधी, आतडं अजून नाजूक आहे, थोडे दिवस दूध टाळा. टाळलं. आता काळा चहा, म्हणजे शिक्षाच.

मावशींना सांगितलं तर त्यांनी वाटीभर दूध फोटोपुढं ठेवलं. दुपारी जेवायला आले तेव्हा वाटी रिकामी. चपाती मात्र तशीच, वाळून वाकडी झालेली. मांजर असेल म्हटलं. मावशी नुसत्या हसल्या.

२० जुलै
आधी अंडं गेलं. काल शेंगदाणा. आईच्या चटणीचं एक बोट चाटलं आणि ओठ सुजले. मीच माझं रक्त काढलं, मीच तपासलं. सगळं नॉर्मल.

जे मला सोसत नाही ते दुसऱ्या दिवशी त्या ताटात असतं आणि दुपारपर्यंत संपतं. चपातीला कुणी हात लावत नाही. दारं बंद असतात. मी स्वतः लावली होती.

२४ जुलै, अमावस्या
महेश्वरीला काय झालं होतं ते आज विचारलं. जेवली की ओकायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. सासरचे म्हणाले नाटकं करते, माहेरी आणून टाकली. मावशी म्हणाल्या, “भाकरीनं ताकद येत न्हाय म्हणून म्या माजी जवारी इकून गहू आणला. नाक दाबून चपात्या चारल्या. रडायची लई.”

मला सगळं कळलं. माझाच रोग. तिला गव्हानंच मारलं आणि मी तिला गहूच दिला.

मावशींना हे सांगितलं नाही. कसं सांगू?

पण तिला गहू नकोय. तिला सोसतं ते हवंय. म्हणजे माझं जे जे –

५ ऑगस्ट
तूर गेली. भात गेला. वजन एकेचाळीस. चार दिवस परंड्याला जाऊन आले, तिथंही तेच. इकडं ताट रोज साफ होतं, असं मावशी फोनवर सांगत होत्या. आवाजात काय आनंद होता त्यांच्या!

सोडलेलं परत घेता येतं का, विचारलं. येत नाही. मग ताट तरी ठेवू नका म्हटलं, तर आईपेक्षा मोठी ती बाई माझे पाय धरायला वाकली. महिना होत आला, पोर जेवतेय म्हणाली. मला राग यायला हवा होता. रडूच आलं.

१२ ऑगस्ट
फक्त भाकरी उरली. मीठ आणि भाकरी.
दुपारी आतल्या खोलीतून भाकरी मोडल्याचा आवाज आला. मावशी तर अंगणात होत्या.
हळू खात होती. बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसासारखी.

१४ ऑगस्ट
भाकरी गेली.
पाणी राहतंय अजून. आईला फोन केला.

१६ ऑगस्ट
आई आली. मला बघून उंबऱ्यातच बसली. मी सगळं सांगितलं, तिनं सगळं ऐकलं. मग उठली, नळाखाली हात धरला. मी ओरडले – जित्याच्या नावानं नाही, आई, जित्याच्या –

“माज्या लेकीच्या नावानं जवारी सोडली,” म्हणाली. “आता तुजी तू खा.”

मावशींच्या हातातली परात खाली पडली.

१७ ऑगस्ट
खाल्ली. चार भाकरी. काही झालं नाही. आई समोर बसून बघत होती, हसत होती.
मग उठून मोरीत गेली. ओकत होती. पहाटे सवयीनं भाकरीचा एक तुकडा खाल्ला होता म्हणे.

मावशींनी माझं ताट फोटोपुढं वाढलंय. महेश्वरीच्या शेजारी. माझं तिथंच असणार आता, म्हणाल्या. डोळ्यांत बघेनात.

१९ ऑगस्ट
आईचं दूध गेलं. मी दूध प्यायले. गोड लागलं.
तिचा शेंगदाणा गेला.
नको म्हणते मी. ताट आलं की हात आपोआप जातो. भूक थांबतच नाही – खाल्लं तरी –

२३ ऑगस्ट, अमावस्या
आईच्या मनगटात माझी बांगडी सैल होते.
मला काही त्रास नाही म्हणते. तू जेव, म्हणते.

२४
आज आईला परंड्याच्या गाडीत बसवायचं. लांब. पण लांब जाऊन काय – मीही गेले होते लांब –

ताटाला हात लावायचा नाही. मी खाल्लं नाही तर तिचं उरेल. हे लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. खायचं नाही. आईचं आहे ते. आईचं

मावशींनी ताट ठेवलं. भाकरी गरम आहे. आई दारातून बघतेय, जेव म्हणतेय.
नाही.
एवढा एकच घास, मग आईला