पापाचा उस्ताद

टांगा बंदर, मंगळवार

आत्या,

शिकामू. तुझे पाय धरतो, आणि या खेपेला नुसतं तोंडाने म्हणून मोकळा होत नाहीये, समोर असतीस तर खरंच धरले असते. गुडघे कसे आहेत? डाव्याला लवंगेचं तेल लावतेस की शेजारणीला देऊन टाकलंस? आपल्या कोजानी बेटावर यंदा वारा उशिरा फिरला म्हणे, मग तुझ्या अंगणातल्या दोऱ्यांवर मासळी नीट वाळली की नाही ते कळव. उस्सी मास्तर हे पत्र तुला वाचून दाखवत असतील, त्यांनाही माझा सलाम. (मास्तर, मोठ्याने वाचा, पण शेजारच्या दारापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने नको. कंसात जे आहे ते फक्त तुमच्यासाठी आहे, ते वाचून दाखवायचं नाही. आता वाचलंत ते वाचलंत.) फोन करता आला असता, पण फोनवर तू काही बोलत नाहीस ना, ते मला फार स्पष्ट ऐकू येतं.

मी सुखरूप आहे. दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी. हे आधीच सांगतो, कारण शुक्रवारी रेडिओवर काहीबाही ऐकशील आणि उगाच छाती बडवून घेशील. मी जिवंत आहे तो तुझ्यामुळे, आणि त्याबद्दल आभार मानायला हे पत्र आहे. दुसरं काहीही कारण नाही.

झालं असं. गेल्या महिन्यात इथे एक मोठं पांढरं जहाज लागलं, समुद्राच्या तळाशी काय राहतं ते शोधणारं. त्यावरच्या मुख्य बाई म्हणजे डॉक्टर कोकू. गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, माशांवर पुस्तकं लिहिलेल्या. बुकोबाच्या, म्हणजे सरोवराकाठच्या. बाई हुशार, पण गोड्या पाण्याच्या. त्यांनी बंदरावरच्या दलालाला सांगितलं, या किनाऱ्यावर पापाची सगळ्यात जास्त माहिती कोणाला आहे त्याला शोधून आण. आता आपल्या भाषेची गंमत बघ. समुद्रात माणसाचा पाय तोडून नेतो तो शार्कही पापा, आणि नारळाच्या रसात शिजून भातावर येतो तोही पापाच. बाईंच्या मनात समुद्रातला होता. दलालाला भूक लागली होती. त्याने मासळीबाजारात विचारलं आणि अख्ख्या बाजाराने मी काम करतो त्या हॉटेलच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

मला वाटलं जहाजाला आचारी हवाय. बाई वही घेऊन समोर बसल्या. "पापाबरोबर किती वर्षं काम करताय?" मी म्हटलं, लहानपणापासून, आत्याने शिकवलं. "मोठ्यात मोठा केवढा हाताळलात?" मी म्हटलं, मोठा असला तर मी आधी त्याचे चार भाग करतो, मग काही त्रास देत नाही. बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. जिवंत कधी हाताळलाय का, म्हणाल्या. मी म्हटलं, जिवंतात काय मजा, दोन दिवस तरी मेलेला बरा. इजा झालीय का कधी? मी मनगटावरचा तेलाने भाजल्याचा डाग दाखवला. बाईंनी त्याची लांबी मोजून घेतली. शेवटी म्हणाल्या, "नव्या माणसाला एकच गोष्ट सांगायची तर काय सांगाल?" मी म्हटलं, घाई करायची नाही, शांतपणे घ्यायचं, तो आपोआप मऊ होतो. बाईंनी ते वाक्य वहीत लिहून खाली रेघ मारली.

जहाजावर चढलो तर मला कोणी स्वयंपाकघर दाखवेना. एका दालनात नेलं, तिथे चाळीस शिकलेली माणसं बसलेली. बाई म्हणाल्या, "हे मकामे फाकी, पापाचे उस्ताद." आणि आत्या, ती चाळीसच्या चाळीस माणसं उभी राहिली. माझ्यासाठी आजवर कोणी उभं राहिलेलं नाही, बसमध्येसुद्धा नाही. त्याच वेळी सांगायला हवं होतं की बाबांनो, मी फोडणी देणारा माणूस आहे. पण ते उभे असताना कसं सांगणार, म्हणून ते बसल्यावर सांगू म्हटलं, आणि ते बसले तेव्हा चहा आला. असे चार दिवस गेले. चार दिवसांत मला कळलं की पेंबाच्या आणि टांगाच्या मधल्या खोल पाण्यात एक पापा आहे, जो लाखो वर्षांपूर्वी संपला असं सगळं जग धरून चाललं होतं. कोळ्यांच्या जाळ्यात त्याचा दात आला होता. माझ्या पंज्याएवढा, दगड झालेला नाही, ताजा, मुळाशी मांस चिकटलेला. तो बघायला एक लोखंडी गोळा दोरखंडाने खाली सोडायचा होता. गोळ्यात तीन जागा. एक बाईंची, एक गोळा चालवणाऱ्या लुसियानोची, हा मोझांबिकचा, आणि तिसरी उस्तादांची.

आता तुझ्या पुडक्याबद्दल. दर महिन्याला गलबतातून येतं तसंच ते नेमकं त्या सकाळी आलं, केळीच्या पानात बांधलेलं, खारवून वाळवलेल्या पापाचं. आत्या, तुझा राग पत्करून सांगतो, या महिन्याच्या पुडक्याचा वास भलताच चढला होता. मी ते काखेत घेऊन गोळ्याकडे निघालो, कारण मागे ठेवलं तर खलाशांनी ते समुद्रात फेकलं असतं. लुसियानोने वास घेतला आणि तो दोन पावलं मागे सरकला. "हे आत आलं तर मी बाहेर," म्हणाला. बाईंनी विचारलं, उस्ताद, हे काय आहे? चाळीस माणसं बघत होती. माझ्या आत्याने पाठवलेलं जेवण आहे असं सांगायला मला लाज वाटली. मी म्हटलं, आमिष आहे, आमच्या घराण्याची खास पद्धत. मग काय, ते पुडकं गोळ्याच्या बाहेरच्या जाळीच्या टोपलीत मोठ्या मानाने बांधण्यात आलं. (मास्तर, इथे जरा थांबा आणि आत्याचा चेहरा बघा. कपाळाला आठी असेल तर पाणी द्या आणि मगच पुढे वाचा.)

खाली जाताना पहिल्यांदा निळं असतं, मग काळं होतं, मग नुसतं लुसियानोचं घोरल्यासारखं श्वास घेणं ऐकू येतं. आठशे मीटरवर थांबलो. काचेबाहेर दिव्याच्या उजेडात चिखल आणि दोन आंधळे खेकडे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, म्हटलं काही नाहीये इथे, चला घरी. तेवढ्यात चिखल बाजूला झाला, आणि तो चिखल नव्हता. बाजूने एक डोळा गेला, ईदच्या पुलावाच्या थाळ्याएवढा, ज्यात आपण सातजण जेवतो तो थाळा. डोळा गेला, मग कल्ले गेले, मग नुसतं अंग जात राहिलं, जात राहिलं, संपेचना. बाई कुजबुजल्या, "उस्ताद, आता काय करायचं?" मी म्हटलं, घाई करायची नाही. खरं तर माझी जीभ टाळ्याला चिकटली होती आणि तेवढेच शब्द सुटे होते.

मग त्याने गोळा तोंडात घेतला. आत्या, हे मी वाढवून सांगत नाहीये. काचेवर वरून एक आणि खालून एक असे दात आले आणि लोखंड करकरलं. दिवे गेले. वरच्या जहाजाशी बोलायची तार तुटली. लुसियानोने आधी त्याच्या सगळ्या संतांना हाका मारल्या, मग दोन-तीन नव्या संतांची नावं तयार केली. डॉक्टर कोकू अंधारात वहीत लिहीत होत्या, पेन्सिलचा आवाज येत होता, आणि मधूनच लहान मुलीसारख्या म्हणत होत्या, "बुकोबा किती छान होतं." गोळ्याला कुठेतरी बारीक चीर गेली आणि माझ्या मानेवर पाण्याची धार आली. तेव्हा मला कळलं की आता आपण संपलो.

अशा वेळी माणसाने अल्लाचं नाव घ्यावं. मी घेतलं, पण त्याच्या पाठोपाठ तुझंच तोंडात आलं. तीन वर्षांपूर्वी तू एवढ्या लांबून गलबताने, उलट्या करत, टांगाला आलीस, हातात हेच पुडकं घेऊन हॉटेलच्या पुढच्या दारात उभी राहिलीस. मालक म्हणाला ही कोण. आणि मी म्हणालो, कोणी नाही, मासळीवाली आहे, मागच्या दाराने यायला सांगतो. तू मागच्या दाराने आलीस, पुडकं ओट्यावर ठेवलंस आणि परतीच्या गलबतात बसलीस. त्यानंतरही दर महिन्याला पुडकं येत राहिलं, आणि मी त्यातला एक तुकडा रश्शात टाकत राहिलो. ज्या पापाने टांगात माझं नाव झालं त्याची चव त्या तुकड्याची आहे, हे मी कोणालाही सांगितलं नाही. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा. ज्या बाईने मला चावून चावून घास भरवले तिला मी मागचं दार दाखवलं. हे सगळं मी त्या काळोखात मोठमोठ्याने बोललो आणि रडलो. लुसियानो संतांना सोडून माझं ऐकत बसला आणि म्हणाला, "तू फारच हलकट आहेस रे, मकामे." मी म्हटलं, हो.

आणि तेवढ्यात त्या प्राण्याने जबडा आणखी आवळला, बाहेरची टोपली चेपली, आणि तुझं पुडकं त्याच्या तोंडात फुटलं. एक क्षण सगळं थांबलं. मग गोळा असा थुंकला गेला की आम्ही तिघं एकमेकांच्या मांडीवर. आणि तो गेला, आत्या. एवढं धूड, पण शेपूट घालून पळाला. वर आल्यावर बाईंनी सगळ्यांना समजावलं, की पापाला मेलेल्या पापाचा वास सहन होत नाही, आपल्यातलं कोणी जिथे कुजतंय तिथून तो पळ काढतो, आणि इतका जबरदस्त वास जगात आजवर कोणी वापरला नव्हता. "उस्ताद, तुम्हाला हे माहीत होतं." मी म्हणालो, अर्थातच. मग त्यांच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे बघितलं, अंधारात त्यांनीही सगळं ऐकलं होतं, आणि खरं ते सांगून टाकलं, पहिल्यापासून. चाळीस माणसं ऐकत होती. मी बसायला जागा शोधत होतो, पण ती माणसं पुन्हा उभी राहिली. या वेळी माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी.

म्हणून आभार, आत्या. तू मीठ चोळलंस, तू उन्हात घातलंस, माझ्या वागण्याकडे न बघता पाठवत राहिलीस. तीन जीव वाचले, त्यातला एक तर वाचवण्याच्या लायकीचाही नव्हता. मला माफ कर असं म्हणायला माझं तोंड नाही. पण म्हणतो, माफ कर.

तुझा,
मकामे

ता. क. गोळ्यात आवाज टिपून ठेवणारं यंत्र होतं, हे मला नंतर कळलं. त्यात त्या प्राण्याच्या शेपटीचा आवाज दोनदा आहे आणि "आत्या, चुकलो" हे एकतीस वेळा. शास्त्राच्या कामाची वस्तू असल्यामुळे ते पुसता येत नाही. शुक्रवारी रेडिओवर त्यातलाच तुकडा लावणार आहेत. (मास्तर, त्या दिवशी रेडिओचे सेल काढून ठेवलेत तर उपकार होतील.)

ता. क. आणखी एक. नव्या प्राण्याला नाव द्यावं लागतं, आणि बाईंनी तो मान मला दिला. मी तुझं दिलं. म्हणजे यापुढे जगातल्या सगळ्या पुस्तकांत त्या पापाचं नाव काझिजा असेल. रागावण्याआधी ऐक. मी तुझ्या आकाराबद्दल काहीही सुचवत नाहीये. तू नाही म्हणालीस तर लुसियानोच्या सासूचं नाव लागणार आहे, त्याने तसं आधीच सांगून ठेवलंय.

ता. क. जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्याची संमती लागते, म्हणून सोबत एक कागद जोडला आहे. खरं तर पत्र त्याच्यासाठीच आहे. खालच्या चौकोनात एक अंगठा. आणि वर एक रकाना आहे, नाव देणाऱ्याशी नातं काय. तिथे मी आधी आत्या लिहिलं होतं, मग ते खोडून आई लिहिलं. कचेरीतला माणूस म्हणाला, खाडाखोड केलीय तर तिच्या शेजारीही संमती देणाऱ्या बाईंचा, म्हणजे तुझा, अंगठा पाहिजे, नसेल तर जुनाच शब्द धरतील. शाईची डबी गलबतवाल्याजवळ दिली आहे, तो भरतीपर्यंत थांबणार आहे. (मास्तर, तिचा हात धरून लावू नका. तिचं तिला ठरवू दे.)