माघातला अंदाज

नाशिक,
दि. १२ ऑगस्ट २००९

ती. पुतळाताईस,

किशोरचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. सरिताचा खोकला एकदाचा थांबला. तुझी भाताची आवणी शेजाऱ्यांनी येऊन पुरी करून दिली, असं मीना फोनवर म्हणाली. फार बरं झालं.

मीना, हे पत्र तूच आईला वाचून दाखवणार. पुढचं सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

ताई, भाऊजींच्या दहाव्याला मी आलो आणि सगळा वेळ तुझ्याकडे पाठ करून बसलो. तुला वाटलं, भाऊ रडू आवरतोय. ते होतंच. पण तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर वाल्मीक तुला भेटायला आला होता, आणि त्याला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. "पिऊन पडला व्हता, म्हणून गाडी उशिरा आली," असं फकिराकाका त्याच्या तोंडावर म्हणाले. मी ऐकलं आणि गप्प बसलो.

वाल्मीक प्यायला नव्हता. त्याला फोनच गेला नव्हता.

अ‍ॅम्ब्युलन्स ज्या संस्थेची, तिचं कॉम्प्युटरचं काम आमच्या अंबडच्या कंपनीकडे आहे. तूच ते कौतुकाने गावभर सांगितलंस. लोकांचा फोन आला की नाशिकची मुलगी गावाचं नाव टाकते आणि जवळची गाडी कुठे उभी आहे ते सर्व्हर सांगतो. तो सर्व्हर म्हणजे परदेशात कुठेतरी भाड्याने घेतलेलं मशीन. ते केवढं घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं. रोज किती काम पडेल, पुढे किती वाढेल, याचा अंदाज बांधावा लागतो. तो मी बांधला. जानेवारी-फेब्रुवारीतले फोन मोजले. निम्मं मशीनही वापरलं जात नव्हतं. तीच रेष पुढे ओढली, वर थोडी भर घातली आणि लहान मशीन घेतलं. साहेबांनी पाठ थोपटली.

जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या डोंगरात असतं कोण, ताई? म्हातारी माणसं आणि दाराला कुलपं. बाकी सगळे खाली द्राक्षबागांवर. आपण दोघं नाही का पिंपळगावला पालात राहायचो आणि होळीला घरी यायचो? नाशिकच्या एखाद्या साहेबाने हे केलं असतं तर मी त्याला हसलो असतो. आवणीला किती माणसं लागतील हे कुणी माघातलं रिकामं शेत बघून ठरवत नाही. मी ठरवलं.

त्या सकाळी गावंच्या गावं शेतात होती. पाऊस, ताप, बाळंतपणं, सगळीकडून एकदम फोन आले. भाऊजींना बांधावर साप चावला आणि मीनाने सात चाळीसला फोन लावला. तिकडे हर्षाली नावाच्या मुलीने तो लगेच उचलला, गावाचं नाव टाकलं, आणि स्क्रीन नुसती फिरत राहिली. मशीन बिघडलं नव्हतं. ते पुरलं नाही. वाल्मीकला निरोप मिळाला तेव्हा आठ पस्तीस झाले होते. "मी गाडीतच बसून व्हतो दादा," तो मला म्हणाला, "चावी बी लावलेली व्हती."

अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर तुलाच म्हणाले होते. तो अर्धा तास माझ्या हातून गेला.

मीना, तुला वाटत असेल की तू फोन उशिरा केलास. तू वेळेवर केलास, पोरी.

आता मोठं मशीन घेतलंय. दोन दिवसांचं काम होतं. संस्थेने वाल्मीकला घरी बसवलंय. त्यांना मी सगळं लिहून दिलं. माझं जे व्हायचं ते होईल. सोमवारी वाल्मीकला घेऊन गावात येतोय. फकिराकाकांना आणि बाकीच्यांना बोलावून ठेव. जे तुला लिहिलं तेच सगळ्यांसमोर सांगेन.

आम्ही आलो की वाल्मीकला पाणी दे. मला दिलं नाहीस तरी मी ओट्यावर बसून राहीन.

दहाव्याला पाठ करून बसलेला,
तुझा धाकटा
किशोर