बनू बोलत नाही त्याविषयी

आष्टा, १४ ऑगस्ट १९७४

चि. हंबीररावास वडिलांचा आशीर्वाद. तिकडं सरहद्दीवर गारठा असेल तर कानटोपी घाल. नसेल तर जवळ ठेव. मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण तो तुझी आई होती तेव्हापासून दुखतो, तेव्हा ती बातमी नव्हे.

गेल्या तीन पत्रांत लिहिलं की तुझी बनू छान बोलते. ते खोटं होतं. पोरगी अडीच वर्षांची झाली तरी माझ्या कानावर एक शब्द आला नव्हता. शेजारच्या धोंडुबाईच्या सांगण्यावरून वेखंड उगाळून चाटवलं (आधी मी चाखून पाहिलं, त्या दिवशी माझंच बोलणं बंद). वैद्यांकडं नेलं. त्यांनी तिच्यामागं टाळी वाजवली, ती वळली. "कान शाबूत हायेत. गुरुजी तुमी, तुमीच शिकवा की," म्हणाले. मग रोज तिला समोर बसवून मी 'आ' म्हणायचो आणि ती वाकून माझे दात बघायची. तीस वर्षं पहिलीच्या पोरांना गप्प बसवलं. घरच्या एकीला बोलतं करता येईना. दिवाळीला तू आलास की काय सांगायचं, ही काळजी होती.

परवा गोठ्यात वैरणीमागं विळा शोधत होतो. पलीकडं बनू वासराच्या कानाला तोंड लावून कुजबुजत होती : "आसं कराय न्हाई. बस खाली. आबा वरडत्याल." अख्खी वाक्यं! मी खोकलो, तशी तिनं झग्याची कड डोक्यावर ओढली. पोट उघडं पडलं, पण डोकं झाकलं.

तेव्हा कळलं. घरात आम्ही तिघंच. सुनेनं सासऱ्यापुढं आवाज काढू नये ही आपल्याकडची रीत, म्हणून अंजना पोरीशीही कानातच बोलते (चहा झाला की मला बशी वाजवून कळवते). पोरीनं तेच उचललं. बोलणं म्हणजे कुजबुजणं, आणि आजोबा दिसले की पदर.

माझ्या आईनं घातलेली ही रीत मी कधी मोडली नाही. पण वासराला जेवढं ऐकायला मिळतं तेवढं मलाही मिळावं, असं वाटतं. बाकी ठीक. जिवाला जप.

तुझे वडील,
आकाराम

ता. क. : अंजनाला वेगळं पत्र घाल. 'मामंजींपुढं मोठ्यानं बोलत जा,' असं त्यात लिही. मला ते तिला सांगता येत नाही. तिला वाचता येत नसल्यानं पत्र मीच दारातून वाचून दाखवीन. म्हणजे हुकूम तुझा, मी नुसता वाचणारा.

पुन्हा ता. क. : तुझं उत्तर यायला तीन आठवडे लागतात. दम निघाला नाही. आज तुझं जुनंच पत्र उघडून, ते वाक्य मध्ये घालून वाचलं. आत भांडी थांबली. मग अंजना चांगली मोठ्यानं म्हणाली, "आवं मामंजी, ह्ये मागल्या म्हयन्यातलं पत्र हाय. त्यात तसलं काय न्हवतं." तुझी पत्रं तिला पाठ आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. मी चष्मा पुसत बसलो. तोवर तिच्यामागून बनू ओरडली, "काय न्हवतं, आबा!"

तरी तू पत्र घालच. दोघी मिळून मला खोटं पाडताहेत.