देवाच्या नावाचं पार्सल

शुक्रवार, १२ एप्रिल १९५७

प्रिय सोपान,

मुखवटा पोचला. एवढी ओळ लिहायला मला तीन खेपा आणि नऊ दिवस लागले, तेव्हा बाकीचं काही सांगायच्या आधी माझा संताप ऐकून घे. ज्या गावच्या पोस्टात हे सगळं घडलं त्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या पोस्टमास्तरला सुगावा लागला तर तो माझं हे पत्रही अडकवून ठेवायचा.

तू विम्याचं पार्सल केलंस ते बरोबरच केलंस. "मधे माणसाचा हात नको, म्हणून पोस्टाने पाठवतो," असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पण अरे, पत्त्यावर 'श्री भैरवनाथ महाराज' असं लिहिलंस ते कशापायी? वस्तू देवाची, म्हणून नावही देवाचं, हे मला पटतं. पाटलांना पटलं, तात्याबा गुरवाला तर फारच पटलं, त्याने लगेच हात जोडले. पटलं नाही ते फक्त त्या पोस्टमास्तरला. चष्मा कपाळावर सारून तो मला म्हणाला, "ज्यांच्या नावे आहे त्यांनी येऊन सही करावी. सही येत नसेल तर अंगठा चालेल."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू नावाची गोष्ट कधी उगवत नसावी. मी म्हटलं, अहो, हा आमचा ग्रामदेव आहे. तर म्हणाला, असेल, पण मला नियम आहेत. पेटी त्याच्या मागच्या कपाटात, लाखेच्या मोहरा मला इथून दिसतायत, आणि मी शाळामास्तर असून चोरासारखा गजांच्या अलीकडे उभा! वर ऐकवलं की सात दिवसांत नेलं नाही तर पार्सल नाशिकला परत जाईल. यात्रा पौर्णिमेला. म्हणजे आमचा देव पालखीत बिनतोंडाचा बसणार आणि पंचक्रोशी बघणार.

दुसऱ्या खेपेला पाच पंचांच्या सह्यांचं अधिकारपत्र घेऊन गेलो. त्यावर काय म्हणावं त्याने? अधिकारपत्रावर अधिकार देणाऱ्याची सही पाहिजे, पंचांची नको. तात्याबा बरोबर होता. त्याचा तर तोलच गेला. "देवाला सई करायला लावता व्हय? उद्या म्हणाल, देवाला फोटू काढाया बसवा!" मी त्याला ओढून बाहेर आणलं. पण खरं सांगू, मलाही आतून तेच ओरडायचं होतं. देवाच्या नावाने जमीन चालते, देवाच्या नावाने कोर्टात दावा चालतो, तिथे कुणी देवाला साक्षीला बोलावत नाही. एका पोस्टालाच काय तो देवाचा अंगठा लागतो!

शेवटी मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही पालखीच नेली. रंगराव पाटलांची कल्पना. मुखवटा नाही, नुसता शेंदरी दगडाचा तांदळा, वर शेला. पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेली आमची चार पोरं खाडा करून आली आणि त्यांनी खांदा दिला. ढोल वाजवत पोस्टाच्या पायरीशी पालखी टेकवली आणि पाटील ओरडले, "आले भैरवनाथ! घ्या सई!" पोस्टमास्तर चपला काढून बाहेर आला, नमस्कार केला, आणि आत जाऊन परत खुर्चीवर बसला. नियम तो नियम! मग मी सातबाऱ्याचा उतारा पुढे केला. मालक म्हणून देवाचं नाव, खाली वहिवाटदार म्हणून तात्याबाचं. तो कागद त्याने इतका वेळ वाचला की बाहेरचे ढोल थकले. अखेर तात्याबाचा अंगठा घेतला. पण मुद्दा तिथेही संपला नाही. पेटी इथेच माझ्यासमोर उघडा, आतली एकेक वस्तू दाखवा, नंतर तक्रार ऐकून घेणार नाही, म्हणाला.

उघडली. सोपान, काय काम केलंयस तू! गालावरची चीर कुठे होती ते हात फिरवूनही कळत नाही. आणि दोन्ही कानांत कुंडलं. दिवाळीनंतर मी मुखवटा घेऊन नाशिकला आलो तेव्हा तू माझ्यादेखत फडकं सोडलंस, सगळं उलटंपालटं करून पाहिलंस आणि पावतीवर लिहिलंस, 'डावे कुंडल नाही.' मी ती पावती घडी करून खिशात घातली. तुझ्या दुकानात तासभर बसलो, चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोललो, आणि जे बोलायला आलो होतो तेवढं सोडून सगळं बोललो. डावं कुंडल घडवायला तुला कुणी सांगितलं नव्हतं.

आता पुढचं ऐक. ते कुंडल पाहून पोस्टाच्या ओट्यावर काय आनंदीआनंद झाला म्हणून सांगू! आणि मग कुणीतरी म्हणालं, "बगा, सोळा वर्सांनी सोनाराच्या पोटातलं भाईर आलं." पाटील म्हणाले, "बापानं नेलं, लेकानं आणून दिलं." सगळे हसले. तू तुझ्या चांदीने, तुझ्या हाताने घडवलेली वस्तू, आणि ती तुझ्या अण्णांच्या चोरीचा पुरावा ठरली. त्या लोकांना खडसावून काढावं असं मला झालं. माझं तोंड उघडलं नाही. पोस्टमास्तर मात्र म्हणाला, "पण हे तर कोरं दिसतंय, घासलेलंसुद्धा नाही." तिथे जमलेल्या माणसांत डोळे उघडे ठेवून बघणारा तो एकटाच निघाला, याचा मला जास्त राग आला.

राग कुणाचा ते आता लिहितो. त्या साली मुखवटा उजळायला चाकणला अण्णांच्या दुकानी पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मी वीस वर्षांचा, अंगात मस्ती. वाटेत भामेच्या पात्रात पोहायला उतरलो, गाठोडं पलीकडच्या खडकावर भिरकावलं. पलीकडे येऊन सुटलेली गाठ बांधू लागलो तर डाव्या कानात काही नाही. दुपारपर्यंत वाळू उपसली. मग गाठ तशीच आवळली, अण्णांच्या हातात गाठोडं दिलं आणि घरी निघून आलो. पुढचं तुला माहीत आहे. पंचक्रोशीने अण्णांना काम देणं बंद केलं, तुम्ही गाव सोडलंत, अण्णा नाशिकला त्याच डागासकट गेले, आणि मी मुलांना शाळेत खरं बोलावं असं शिकवत राहिलो. परवा मुखवटा चढवल्यावर, पालखी उचलायच्या आधी, मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर सांगून झालेलं असेल. एकदा तुला लिहून पोस्टात टाकलं की मला माघार उरणार नाही, म्हणून आधी तुला. क्षमा मागत नाही, ती ज्यांच्याकडे मागायची ते राहिले नाहीत. त्या दिवशी मी चाकणच्या दुकानात आलो तेव्हा अण्णांनी गाठोडं सोडून पाहिलंच नव्हतं रे. मला गूळपाणी दिलं आणि म्हणाले, तू आणलंयस ना, मग बघायचं काय.

तुझाच म्हणायचा धीर नाही, तरी तुझाच,
बबन